भंडारदऱ्याचा ऱ: एका लायब्ररीच्या नव्या आवृत्तीची जुनी गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आजचा भाग ऐकायच्या आधी, किंवा वाचायच्या आधी, एक छोटंसं काम करा. फोनवर तीन शब्द टाइप करा. पहिला, शिर्डी. दुसरा, पाथर्डी. तिसरा, भंडारदऱ्याला. तिन्ही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. तिन्ही रोज कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर टाकतच असतं.

टाइप झाले? बरोबर दिसतायत? बहुतेक सगळ्यांना बरोबरच दिसत असतील. आजची गोष्ट त्या बरोबर दिसण्याचीच आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी असंख्य फोनवर या शब्दांच्या जागी रिकामे चौकोनी डबे दिसायचे. ज्यांच्या फोनवर अक्षरं दिसायची, त्यातल्या काहींच्या फोनवर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली असायची आणि पाय मोडलेला र लटकत असायचा. हे बदललं कसं? कुणी बदललं? आणि 'नवीन आवृत्ती आली' म्हणतात तेव्हा नेमकं काय येतं?

शिर्डी लिहिताना आत काय होतं

आधी शिर्डी घेऊ. फोनच्या आत हा शब्द सहा तुकड्यांत साठवलेला असतो: श, मग ऱ्हस्व वेलांटी, मग र, मग पाय मोडण्याची खूण म्हणजे हलन्त, मग ड, मग दीर्घ वेलांटी. म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. साठवायला, शोधायला, क्रमवारी लावायला हा क्रम सोयीचा.

पण दाखवताना हा क्रम चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी श च्या नंतर साठवलेली असली तरी दिसायला हवी श च्या आधी. तो र तर ड च्या आधी आहे, पण रफार होऊन त्याला उडी मारावी लागते ती ड ओलांडून, थेट शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर. पाथर्डीतही तीच उडी. श्रीगोंद्यात श आणि र मिळून वेगळंच रूप होतं. हरिश्चंद्रगडात तर श्च आणि द्र अशी दोन जोडाक्षरं एकाच नावात.

हे सगळं करणारा एक प्रोग्रॅम असतो. अक्षरांचे संकेतांक आणि फॉन्ट त्याच्या हातात दिले की कोणतं रूप निवडायचं आणि ते कुठे बसवायचं एवढंच तो सांगतो. तो अक्षर काढत नाही, ओळ तोडत नाही, रंग देत नाही. त्याचं काम फक्त जुळणी. जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या अशा लायब्ररीचं नाव आहे हार्फबझ. अँड्रॉईडमध्ये ती आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे. तुम्ही आज दिवसभरात मराठीत जे काही वाचलंत, त्यातलं बरंचसं तिच्या हातून गेलेलं आहे. ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिचा कोड कुणीही फुकट वाचू शकतो, वापरू शकतो, त्यात दुरुस्ती सुचवू शकतो.

नावाचीही गंमत आहे. ती ज्यांनी उभी केली ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडं. फॉन्टच्या प्रमाणाचं नाव आहे ओपनटाइप, त्याचं हे सरळ फारसी रूप. आता नगरकरांना फारसी परकी वाटायचं कारण नाही. मलिक अहमदने हे शहर वसवलं आणि निजामशाहीच्या दरबारात फारसी नांदली. फरिश्ता हा इतिहासकार लहानपणी नगरला आला, कारण त्याच्या वडिलांना इथल्या राजपुत्राला फारसी शिकवायला बोलावलं होतं. कागद, शाई, कलम, दफ्तर हे आपले शब्द त्याच वाटेने मराठीत मुरले. लिहिण्याच्या सामानात आणखी एक फारसी नाव वाढलं, इतकंच समजा.

प्रवरेच्या काठाने खाली: नेवासे

भंडारदरा अकोले तालुक्यात. तिथून प्रवरा निघते, संगमनेरवरून खाली येते आणि पुढे नेवाशाला पोचते. आपणही तसंच जाऊ. कारण 'आवृत्ती' या शब्दाचा अर्थ कळायला नेवाशासारखी जागा नाही.

शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. सांगितली म्हणतो, कारण परंपरा असं मानते की ती उतरवून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पुढे जवळपास तीनशे वर्षं ती हातानेच उतरली गेली. एकाच्या पोथीवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या पोथीवरून तिसऱ्याने.

हाताने उतरवताना काय होतं, हे वर्गात दुसऱ्याच्या वहीवरून नोट्स काढलेल्या कुणालाही सांगायला नको. शब्द सुटतो. जुना शब्द कळत नाही म्हणून आपला घातला जातो. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहायची पद्धतही नव्हती. शिरोरेघेखाली अक्षरं सलग चालायची, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्यात कुणाला वाटलं, इथे आपलीही एक ओवी शोभेल, की बसलीच ती. बघता बघता एका ज्ञानेश्वरीच्या अनेक ज्ञानेश्वऱ्या झाल्या.

मग शके १५०६, म्हणजे १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी बसून पाठ तपासले आणि शुद्ध प्रत तयार केली. भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला हे काम पुरं झालं, म्हणून आजही त्या दिवशी ज्ञानेश्वरी जयंती असते. आपल्या गोष्टीत महत्त्वाची आहे ती त्यांनी शेवटी जोडलेली टीप. तारीख दिली. काम का करावं लागलं ते सांगितलं: मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण वेगवेगळ्या पाठांमुळे त्याचा मेळ बिघडला होता. आणि पुढच्यांसाठी नियम घालून दिला, की यात कुणी स्वतःची ओवी घालू नये. घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

कधी बदललं, का बदललं, पुढे काय करू नका. आजची कुठलीही लायब्ररी नवीन आवृत्तीबरोबर बदलांची जी यादी देते, तिच्यात याहून वेगळं काय असतं?

आणखी एक. नाथांच्या आवृत्तीने प्रश्न कायमचा मिटला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी प्रत छापली आणि ती नाथांच्या आधीची असल्याचं सांगितलं. मूळ शब्द कोणते यावर पुन्हा चर्चा सुरू झाली. म्हणजे शेवटची आवृत्ती अशी काही नसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुळारी

पोथीनंतर छापखाना आला. मराठीचं पहिलं व्याकरण विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ साली देवनागरी खिळ्यांत छापलं, आणि १८१० साली कोश छापला तो मोडी खिळ्यांत. (हे श्रीरामपूर बंगालचं हं, आपलं नव्हे.) म्हणजे सुरुवातीला दोन्ही लिप्या शर्यतीत होत्या. पण छापायला बाळबोध सोयीची पडली आणि मोडी दफ्तरातच राहिली.

नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मिशन होतं आणि १८४२ साली त्यांनी इथून 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू केलं, ते पुढे मुंबईला गेलं. या मिशनचा छापखाना मुंबईत होता आणि तिथे टॉमस ग्रॅहमने देवनागरी खिळ्यांवर बरंच काम केलं. त्याच छापखान्यात जावजी दादाजी घडले. त्यांचा निर्णयसागर आणि त्या टंकाची वळणं पुढे कित्येक पिढ्यांनी 'सुंदर मराठी अक्षर' म्हणून डोळ्यांत साठवली.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला म्हणायचे जुळारी. समोर खणाखणांची पेटी, प्रत्येक खणात वेगळा खिळा. इंग्रजीला शंभरभर खिळ्यांत भागायचं. देवनागरीला अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार धरून कित्येकशे लागायचे. शिर्डी जुळवायची तर जुळारी आधी ऱ्हस्व वेलांटी उचलायचा, मग श, मग ड, मग दीर्घ वेलांटी आणि तिच्यावर रफार. वेलांटी आधी, रफार शेवटी, हे त्याला कुणी संकेतांक देऊन सांगायचं नाही. ते त्याच्या बोटांत असायचं.

म्हणून हार्फबझ समजावून सांगायला एकच शब्द पुरे: जुळारी. फोनमधला जुळारी. फरक इतकाच, की छापखान्यातल्या जुळाऱ्याला मराठी यायची. या जुळाऱ्याला येत नाही. त्याला प्रत्येक सवय नियम म्हणून लिहून द्यावी लागते. आणि नियम लिहिणाऱ्यालाही मराठी येत असेलच असं नाही.

मधली शंभर वर्षं भराभर सांगतो. यंत्रावर एवढे खिळे मावेनात. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या निमित्ताने खिळ्यांची संख्या कमी करण्यावर डोकं चालवलं. सावरकरांच्या लिपिशुद्धीत इ, ई, उ यांच्याऐवजी अ लाच वेलांटी-उकार लावायची सूचना होती. टाइपरायटर आला तेव्हा वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर. प्रत्येक वेळी यंत्राला जमत नाही म्हणून लिपीनेच अंग चोरायचं, असा एकूण सूर होता.

फॉन्ट बदलला आणि मजकूर गेला

कॉम्प्युटर आला तेव्हाही आधी तेच झालं. नव्वदच्या दशकात मराठी टाइप करायचं म्हणजे एक क्लृप्ती होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टमध्ये मराठी तुकड्यांची चित्रं बसवायची. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी आहे, आपल्याला दिसायचं मराठी. त्यात जुळारी कुणी नव्हता, वेलांटी पुन्हा आधीच दाबायची.

छपाईपुरतं हे उत्तम चाललं. पण फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की मजकुराचा चिवडा. एका कंपनीचा फॉन्ट दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टला ओळखायचा नाही. त्या काळातल्या कितीतरी स्मरणिका, गावाचे इतिहास, बँकांचे अहवाल आजही सीडीवर पडून आहेत. उघडतात, पण वाचता येत नाहीत. तेराव्या शतकातला ग्रंथ आपण वाचू शकतो आणि १९९६ सालची फाईल वाचू शकत नाही.

यावरचा उपाय एकच होता: दिसणं आणि साठवणं वेगळं करायचं. भारतात इस्की नावाचं प्रमाण तयार झालं, १९९१ साली ते भारतीय मानक झालं. पुण्याच्या सीडॅकचं यात मोठं काम आहे. जगभरासाठी युनिकोड आलं आणि त्याने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरून घेतली. आता शिर्डी उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि दाखवताना जुळाऱ्याने जुळवायची. विंडोजमध्ये हा जुळारी होता, त्याचं नाव युनिस्क्राइब. पण तो मायक्रोसॉफ्टचा. लिनक्सवर वेगळा, मॅकवर वेगळा, आणि फोनवर तर बराच काळ धड कुणीच नव्हता. एकच फाईल तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसायची.

ऱ चा प्रश्न

आता येऊ भंडारदऱ्यावर. हा ऱ नीट बघा. य च्या डोक्यावर रफार नाहीये, य च्या आधी चंद्रकोरीसारखी छोटी रेघ आहे. मराठीत हा ऱ फक्त य आणि ह च्या आधी येतो: दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, ऱ्हास. हिंदीला याची गरज पडत नाही.

मराठीला पडते, कारण अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे पैसे, यात गल्लत झाली तर दोघंही रागावतील. उच्चारात फरक आहे: दर्यामध्ये द वर आघात येतो, दऱ्यामध्ये येत नाही. आणि शेतकऱ्यांना हा शब्द बघा. सातबारा असो, पीकविमा असो, कर्जमाफीची यादी असो, हा शब्द नाही असा सरकारी कागद आपल्या जिल्ह्यात सापडणं कठीण.

युनिकोडच्या तक्त्यात खाली टिंब असलेला ऱ आहे. तिथे त्याची ओळख काय दिलीय? द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत दाखवायचं चिन्ह. आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे मराठीतली ही चंद्रकोर. म्हणजे आपला रोजचा ऱ तक्त्यात शिरला तो दुसऱ्याच नावाने. शिवाय हाच परिणाम साधायची आणखी एक वाट आहे: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही वाटांनी भंडारदऱ्या सारखाच दिसतो. पण आत संकेतांक वेगळे. म्हणून एकाने एका पद्धतीने लिहिलेलं नाव दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर साधा शोध रिकामा परत येऊ शकतो. यादीत नाव आहे आणि सापडत नाही, असं होण्याचं हेही एक कारण असतं.

त्यात आणखी एक गाठ. युनिकोडच्या नियमाने ऱ हा 'र अधिक नुक्ता' याच्या बरोबरीचा मानलेला आहे. नुक्ता म्हणजे खालचं टिंब. जुळारी लायब्ररी मजकूर हातात घेते तेव्हा काही अक्षरांचे असे तुकडे करून कामाला लागते. ऱ चे तुकडे केले तर काय? साधा र मोकळा होतो आणि फॉन्टमध्ये अख्ख्या ऱ साठी लिहिलेला चंद्रकोरीचा नियम जुळेनासा होण्याचा धोका.

हार्फबझच्या कोडमध्ये भारतीय लिप्यांच्या भागात एक छोटी यादी आहे. तिच्यावर शेरा आहे, मराठीत सांगायचं तर 'यांचे तुकडे करू नका'. आणि त्या यादीत पहिलंच नाव आहे देवनागरी ऱ चं. एक ओळ. लाखो ओळींच्या जंगलात मराठीच्या चंद्रकोरीभोवती घातलेलं हे एवढंसं कुंपण. 'तुकडे करू नका' आणि 'आपली ओवी घालू नका', या दोन सूचनांची जात एकच.

नवी आवृत्ती म्हणजे काय काय

आता त्या आवृत्त्यांकडे. हार्फबझची मुळं फ्रीटाइप नावाच्या प्रकल्पात आहेत. तिथला कोड घेऊन वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या प्रती काढल्या, आणि त्या एकमेकींपासून लांब गेल्या. पाठभेदच म्हणा ना. मग त्या एकत्र आणायचं ठरलं, आणि तेही पुरेना म्हणून बेहदाद यांनी सगळं नव्याने लिहायला घेतलं.

२०१२ च्या सुमारास भारतीय लिप्यांचा भाग तयार होत होता. बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं? त्यांनी विकिपीडियावरचे शब्द घेतले आणि प्रत्येक शब्द विंडोजचा युनिस्क्राइब कसा जुळवतो आणि आपली लायब्ररी कशी जुळवते, याची तुलना केली. एकट्या देवनागरीसाठी सात लाखांहून जास्त चाचण्या. प्रत्येक दुरुस्तीबरोबर किती पास, किती नापास, याचा हिशोब लिहिलेला. शेवटी शेवटी देवनागरीचे नापास शंभराच्या आत आले.

यात एक विचित्र पेच होता. युनिस्क्राइबमध्ये स्वतःच्याही काही चुका होत्या. पण जगातले फॉन्ट त्याच्यावर तपासून बनवलेले. मग त्या चुकांसकट नक्कल करायची की बरोबर ते करायचं? हार्फबझमध्ये चाचणीसाठी चक्क असा एक पर्याय होता, की युनिस्क्राइबच्या चुकाही जशाच्या तशा काढ. ज्याची नक्कल करतोय त्याची चूक कुठली आणि आपली कुठली, हे वेगळं करायला तो लागायचा. जुन्या पोथीतला शब्द हा मूळचा की लेखनिकाचा, हा प्रश्न इथेही सुटत नाही.

२०१३ मध्ये पुस्तकं जुळवणाऱ्या झीटेकने हार्फबझ स्वीकारलं. २०१७ साली लिब्रेऑफिसच्या ५.३ आवृत्तीने विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे हाच एक जुळारी नेमला. एकाच पत्रातली शिर्डी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर एकसारखी दिसायला त्याने मोठी मदत झाली.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती २०१५ च्या जुलैत आलेली १.० आवृत्ती. तोवर प्रत्येक लिपीला, किंवा लिप्यांच्या छोट्या गटाला, वेगळा जुळारी लिहावा लागायचा. मोठ्या लिप्यांना तो मिळायचा, छोट्या रांगेत. त्या सुमारास मायक्रोसॉफ्टने एक सर्वसाधारण पद्धत मांडली: युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाचे गुणधर्म दिलेलेच आहेत, हे व्यंजन, ही मात्रा, ही डावीकडे बसते, ही वर. त्यावरूनच जुळवा, लिपी कोणतीही असो. हार्फबझ १.० ने ही पद्धत आणली.

देवनागरीचं काम आधीच्याच भागाकडे राहिलं. पण लाभ झाला तो मोडीला. मोडी आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, युनिकोड ७.० मध्ये आली होती. त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांचा. पण संकेतांक मिळणं म्हणजे जन्मदाखला. चालता येण्यासाठी जुळारी लागतो, तो या आवृत्तीने दिला. आज नोटो सान्स मोडी हा मोफत फॉन्ट घेतला की मोडी मजकूर फोनवर, ब्राउझरवर दाखवता येतो.

याचं आपल्याला काय? मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती. आपल्या भागातले जुने जमिनीचे कागद, वतनाचे कागद, पाटील-कुलकर्ण्यांची दफ्तरं मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. कागद होते, वाचणारे मोजके. वाचणारा माणूस अजूनही लागतोच, त्याला पर्याय नाही. पण त्याने वाचलेली ओळ मोडीतच टाइप करून ठेवता येणं, शोधता येणं, शिकणाऱ्याला दाखवता येणं, यासाठी जी जमीन तयार व्हायला हवी होती, ती तयार झाली.

मग अजून काय राहिलंय?

बरंच. हा जुळारी सगळीकडे पोचलेला नाही. काही व्हिडिओ एडिटिंग ॲप, काही डिझाइनची सॉफ्टवेअरं, काही बिलाची यंत्रं अजून त्याच्याशिवाय चालतात. म्हणून फ्लेक्सवर वेलांट्या उड्या मारताना दिसतात आणि पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी तुटून येते.

दुसरं, ल आणि श. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. पण बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण दिसतं. अनेक फॉन्टमध्ये मराठी वळणही आत ठेवलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच जुळारी ते काढतो. वेबसाइट बनवणाऱ्यांनी ती एक सेटिंग भरायची असते. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यात ल आहे. शिर्डी, शेवगावात श आहे. आपल्याच नावांत आपलं वळण दिसावं, एवढं तरी बघायला हरकत नाही.

आणि शेवटचं. आवृत्त्या थांबलेल्या नाहीत. युनिकोड दरवर्षी पुढे सरकतं, हार्फबझही. २०२४ मध्ये दहावी मोठी आवृत्ती आली, नव्या युनिकोडच्या चिन्हांसकट. प्रत्येक वेळी काही दुरुस्त होतं आणि कधी कधी काही बिघडतंही. बिघडलेलं कुणाच्या लक्षात येणार? कोड लिहिणारा कॅनडात बसलेला असेल तर त्याला भंडारदऱ्याला हा शब्द डोळ्यांना खटकणार नाही. तो तुम्हालाच खटकणार.

म्हणून ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी एकदा तो कोड उघडून बघा, ऱ ची ती ओळ शोधा. ज्यांना येत नाही, त्यांनी एवढं करा: एखाद्या ॲपमध्ये मराठी मोडकी दिसली तर स्क्रीनशॉट काढा, शब्द लिहा, कसा दिसायला हवा तेही लिहा, आणि ॲपवाल्यांना कळवा. चाचणीसाठी शब्द हवे असतील तर लांब जायला नको. शिर्डी, पाथर्डी, कर्जत, श्रीगोंदा, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याला. या सहांत वेलांटी, रफार, जोडाक्षर आणि चंद्रकोर, सगळं आलं.

तुमच्या गावाच्या नावात असं एखादं अवघड अक्षर असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण मोडीचे जुने कागद वाचायला कसं शिकायचं ते बघणार आहोत. तोवर भेटूच. नमस्कार.